मोगऱ्यापाशी वळलेली कड

हे ऐकून कोणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर त्या माणसाला मी शहाणा म्हणणार नाही. पण भाट्ये गावात सईदाभाभींच्या अंगणात दगडी कडेला जो बाक, म्हणजे वळण, आहे, तो मी गवंडी असलो तरी माझ्या हातून आलेला नाही. तो एका कुर्लीने, खाडीतल्या खेकडीने, आणला.

त्याचं असं झालं. भाभींचा मुलगा जुनेद नोकरीला मस्कतला. गेल्या सुट्टीत त्याने दारापुढे लॉन लावलं आणि जाताना मोबाईलवर नकाशा काढून मला दिला. इकडे लॉन, तिकडे फुलझाडं, मधे जांभ्याच्या अर्ध्या चिऱ्यांची कड, फाटकापासून विहिरीपर्यंत सरळ. आता त्या सरळ रेघेच्या जेमतेम हातभर आत, लॉनच्या बाजूला, भाभींचा मोगरा. राजापूरला माहेरच्या परसात होता, तिथून आणून लावलेला, त्याला तीस वर्षं झाली. लॉनात झाडझुडूप ठेवायचं नाही, असं जुनेदने बजावलेलं.

भाभींनी मला चहा दिला. मग खारी. मग खजूर. बोलल्या एवढंच, "आत्मारामभाऊ, तुमच्या हाताला यश आहे."

मी आपला नकाशाप्रमाणे दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि तंबाखू मळायला वळलो. तेवढ्यात खाडीकडून कुर्ली आली. केवढी? बसायच्या पाटाएवढी! तिने दोरी मधोमध नांगीत धरली, मोगऱ्याला वळसा घालून लॉनात ओढत नेली, तसा मोगरा फुलझाडांच्या बाजूला आला, आणि ती तिथेच बसली.

"सोड गो बाय," मी म्हटलं. ढिम्म हलेना.

आता गवंड्याने काय करायचं? दगड दोरीला लावून बसवायचा, डोळ्यावर जायचं नाही, हे माझ्या बापाने मला कान पिळून शिकवलेलं. दोरी जिथे, चर तिथे. चर खणला, रेती पसरली, चिरे लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवले. एक चिरा बोटभर वर राहिला, तर कुर्लीने मोकळी नांगी आपटली. मी मुकाट्याने खाली घेतला.

चार दिवसांनी जुनेद सुट्टीवर आला. बॅग हातातच, आणि नजर त्या बाकावर.

"काका, हे काय? नकाशात असं होतं? उद्या उपटा सगळं. आणि तो मोगराही काढा."

भाभी चौकट धरून उभ्या. चेहरा पार उतरलेला. मग मी जुनेदला पायरीवर बसवलं आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता.

त्याने शांतपणे ऐकलं. "मग ती कुर्ली गेली कुठे?"

"जाते कुठे! शेवटचा चिरा बसला, तिने दोरी सोडली, तशी धरली. तुझ्या अम्मीनेच कालवण केलं, भरपूर नारळ घालून. दोन वाट्या ओरपल्या त्यांनी!"

मागे भाभींनी कपाळावर हात मारून घेतला.

जुनेदने एकदा अम्मीकडे पाहिलं, एकदा मोगऱ्याकडे, आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना.

"काका, कुर्लीच्या नुसत्या वासाने अम्मीच्या अंगावर पित्त उठतं! आमच्या घरात आजवर कुर्ली शिजलेली नाही. राहू दे तुमचा बाक, आणि राहू दे तिचा मोगरा. पण थापच मारायची होती, तर निदान बांगडा तरी म्हणायचात!"