कडेवरचं मूल

"जिबेक, चल ना! आपा परत जमिनीवर झोपली!"

आयदाना रडत अंगणातून धावत आली. डावा हात छातीशी धरलेला, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून लालभडक.

मी पळत गेले. सासूबाई शेगडीशेजारी पडल्या होत्या. छातीतल्या यंत्राचा झटका बसून गेला होता. घामाने भिजलेल्या, त्या उठू बघत होत्या.

"पोर कुठंय?" हाच पहिला शब्द.

आयदाना माझी थोरली. आमच्याकडे पहिलं मूल आजीआजोबांचं. दूध सुटलं तशी ती अंगण ओलांडून समोरच्या घरी गेली. 'आपा', म्हणजे आई, ही हाक सासूबाईंना; मला नावाने. सासरे गेल्यावर तर आपांना तिच्याशिवाय घास उतरेना.

हिवाळ्यात आपांच्या हृदयाचे ठोके भरकटू लागले. बिश्केक शहरातल्या डॉक्टरांनी छातीत ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र बसवलं आणि माझ्या नवऱ्याला, तिलेकला, बाजूला घेऊन बजावलं. ठोके कधीही बिघडतील. यंत्र झटका देऊन जीव वाचवेल, पण तोवर त्या कोसळलेल्या असतील. त्यांना मूल उचलू देऊ नका, आगीपाशी एकटं सोडू नका.

तिलेकने आईला सांगितलं, "आता तू घोडीसारखी धावशील!"

दुखणाइताला दुखणं सांगायचं नाही, ही आमची रीत. वाईट बोललं की ते ऐकतं आणि येतं. आम्ही मेंढा कापला, गावाने हात उचलून दुवा दिली. मधे त्या गोठ्यात पडल्या, तेव्हा तिलेक म्हणाला, "उपाशीपोटी राबतेस, दुसरं काय होणार?"

गावच्या दवाखान्यात आयदानाला पट्टी बांधताना नर्स आपांवर खेकसली, "छातीत यंत्र, आणि पोर उचललीत? कुणी सांगितलं नाही का तुम्हांला?"

घरी आल्यावर आपा म्हणाल्या, "तिलेक, तुला ठाऊक होतं?"

"तू घाबरली असतीस, आपा..."

"मी? अरे गाढवा, लांडग्यांच्या डोंगरात मेंढ्या राखल्यात मी." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? तुझ्या पोटची पोर. ठाऊक असून माझ्या कडेवर राहू दिलीस?"

"तुमच्याकडून नेली असती, तर तुम्ही..."

"मेले असते. एवढंच ना? ते तर आहेच."

त्यांनी आयदानाची गादी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"आजपासून जिबेककडे झोपायचं."

"नाही जा! तिच्या घरात बाळाच्या शीचा वास येतो." आयदाना गादीला लोंबकळली. "आणि मग तुझ्याजवळ कोण?"

"माझ्याजवळ यंत्र आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आयदाना अंगणात ठेचकाळून पडली. धाकट्याला पाजता पाजता मी दाराशी आले. ती माझ्याकडे न येता पलीकडे धावली. आपा आपल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"आपा, उचल!"

आपांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून घट्ट दाबून धरले.

"जिबेककडे जा, बाळा. ती उचलेल."

मी हाक मारली. पोरीने वळून पाहिलं नाही. पट्टीचा हात वर करून ती त्यांच्यासमोर उभीच राहिली.