चित्राहुतीच्या कोंबड्या

घरात आपलं ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून गंगाधरपंतांनी कोंबड्या पाळल्या. हे उत्तराबाईंचं मत, आणि नवऱ्यापासून ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नव्हतं.

पाटबंधारे खात्यात असताना पंत नुसते खाकरले तरी खोलीतली माणसं उभी राहायची. निवृत्त झाल्यावर खाकरले, तर बायको आल्याचा काढा पुढे ठेवू लागली. अशात वणीला देवीच्या दर्शनाला म्हणून गेले आणि येताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून तीन पिल्लं घेऊन आले. तेही गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात, जिथे अंड्याचा केक आला तर फाटकाबाहेरच वाटून टाकत.

"जीव आहेत गं," पंत म्हणाले.

"जीव झुरळांनाही असतो. त्यांना कधी गाडीतून आणलं नाहीत."

पंतांनी नावं ठेवली नद्यांची. गोदा, दारणा आणि कादवा. जन्म पाण्याच्या फायलींत गेलेला माणूस दुसरं काय सुचवणार? कोंबड्या मोठ्या झाल्या, अंडी देऊ लागल्या, आणि ती खाणारं घरात कोणीच नाही हे तेव्हा पंतांच्या ध्यानात आलं. मग अंडी बागेच्या कामाला येणारा सहादू सिन्नरला आपल्या घरी नेऊ लागला. पंत याला भूतदया म्हणत. उत्तराबाईंच्या हिशेबी कोंबड्या सहादूच्याच होत्या. दाणापाणी आणि झाडलोट तेवढी या घराकडे होती.

पण पंतांना शिस्त लावायची हौस दांडगी. ते मागच्या पडवीत पाटावर जेवायला बसत. जेवणाआधी ताटाच्या उजव्या हाताला भाताचे चार-पाच लहान घास ठेवायचे, त्या चित्राहुती. 'चित्राय नमः, चित्रगुप्ताय नमः, यमाय नमः' असं म्हणत पंत त्या घालत. जेवण झालं की ते घास कोंबड्यांना मिळत. पुढे पुढे कोंबड्यांना जेवण संपेपर्यंत धीर निघेना. पंतांनी तोंडातून 'चित्राय' काढायचा अवकाश, की तिघी जास्वंदीखालून धावत येऊन ओळीने उभ्या राहत.

"संस्कृत कळतं त्यांना," पंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"भात कळतो," बाई आतून म्हणत.

दुपारी गोदा पंतांच्या मांडीवर येऊन बसे. तिच्या पाठीवरून हात फिरवत पंत तिला कालवा फुटल्याची गोष्ट सांगत. ती गोष्ट घरात आता कोणी ऐकत नसे. गोदा डोळे मिटून घेई.

"झोपली ती," बाई म्हणाल्या.

"आमचे साहेबही असंच ऐकायचे," पंत म्हणाले, आणि त्यांचा हात काही थांबला नाही. त्या वेळी त्यांचा चेहरा असा काही निवलेला असे, की उत्तराबाई पुढचं बोलणं गिळून स्वयंपाकघरात जात. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

कार्तिकात घरी उदकशांत ठरली. पंतांचे थोरले बंधू यशोधनदादा पंचवटीत भिक्षुकी करत. ते आपल्यासोबत चार जण घेऊन आले. कोंबड्यांना जाळीत कोंडायचं काम पंतांकडे होतं. त्यांनी जाळीचं दार नुसतं लोटलं. आपल्या कोंबड्या शिस्तीतल्या आहेत, असा त्यांचा भरवसा होता.

पडवीत पंगत बसली. वरणभात वाढून झाला. पाच जणांनी एकदम, खणखणीत आवाजात म्हटलं, "चित्राय नमः."

तिघी आल्या. पण घास ठेवणारे हात पाच, त्यामुळे ओळ कुठे धरायची ते त्यांना उमगेना. दारणा एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली, कादवेने वरणाच्या वाटीत पाय दिला, आणि गोदा सरळ यशोधनदादांच्या मांडीवर चढून बसली, सोवळ्यावर.

"गोदे, उतर," पंत कळवळून म्हणाले.

दादा हात वर धरून बसले होते. "काय म्हणालास हिला?"

"गोदा."

"जिच्या काठावर मी लोकांचे संकल्प सांगतो, तिचं नाव कोंबडीला?"

पंगत उठली. जाताना दादांनी फाटकात उभं राहून निकाल दिला. "उद्यापर्यंत ही ब्याद गेली नाही, तर गंगाधर, तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य. आणि कारण मी गावाला सांगणार."

"दादा, उद्या नक्की," पंत म्हणाले. विचार करायला त्यांनी एक श्वासभरही वेळ घेतला नाही, हे उत्तराबाईंनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादू पोतं घेऊन आला. कोंबड्या त्याच्या हाती लागेनात. एक भिंतीवर, एक टाकीमागे, गोदा जास्वंदीच्या बुंध्याशी.

"काका, तुम्हीच बोलवा. तुमचं ऐकत्यात त्या."

पंतांनी बायकोकडे पाहिलं. "तू म्हण ना."

"मी का? शब्द तुम्ही दिलाय. आणि मंत्र पूर्ण म्हणा. यमही आलाय, पोतं घेऊन उभा आहे."

पंत खाली बसले. मूठभर भात फरशीवर ठेवला आणि कसंबसं पुटपुटले. एवढ्या बारीक आवाजालाही तिघी धावत आल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. सहादूने एकेक उचलून पोत्यात घातली. गोदेने पंतांकडे पाहिलं बिहिलं नाही. तिचं लक्ष भातावर होतं.

"काका, एक इचारू का?" पोत्याचं तोंड बांधत सहादू म्हणाला. "पाळायला नेऊ का खायला? आधी सांगितलेलं बरं. घरात लय तोंडं हायेत."

पंत उठून हात धुऊ लागले. "ते तुझं तू बघ. आम्हाला काही सांगू नकोस म्हणजे झालं."

"असं कसं?" उत्तराबाई पडवीची पायरी उतरून खाली आल्या. "सहादू, मी सांगते. पाळ. अंडी तुझी, दाणे इथून ने. आणि कापायचीच वेळ आली, तर इथे येऊन सांगायचं. मला नाही, ह्यांना. ह्यांच्या समोर उभं राहून."

"बरं, काकू."

पंतांनी पंच्याला हात पुसले, ते कोरडे झाल्यावरही पुसत राहिले. सहादूने पोतं मोटारसायकलीला अडकवलं आणि किक मारली.

"पोत्याला भोक ठेवलंय ना?" पंतांनी दारातून विचारलं.

"ठेवलंय," बाई म्हणाल्या. "मी पाडून घेतलं. तुम्ही आत जा. दादांना फोन करायचाय ना?"