नागपूर ते बंगळुरू, सरळ रेषेत

मित्रांनो, मी यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या एका शाळेतला भारताचा जुना नकाशा आहे. छापखान्यात माझ्या कागदाला मागून कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांड्या बसवल्या आणि कोपऱ्यात प्रमाण छापलं: एक सेंटिमीटर म्हणजे चाळीस किलोमीटर.

बावीस वर्षं मुलांनी माझ्यावर अंतरं मोजली. लाल रस्त्यावरून वळणावळणाने दोरा फिरवायचा आणि मग तो पट्टीला लावायचा. इथे सगळेच एसटीने जाणारे, त्यामुळे दुसरी पद्धत कुणाला सुचली नाही. तपासणीला आलेले साहेब माझं कौतुक करत. पुढे वर्गात मोठा टीव्ही आला आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. दोन पावसाळे मी तिथेच काढले.

गेल्या जूनमध्ये प्रफुल्ल सरांनी मला बाहेर काढलं. त्यांची जुनी विद्यार्थिनी रुपाली आता परिचारिका होती. बंगळुरूच्या एका रुग्णालयात तिला नोकरी मिळत होती आणि होकार कळवायला एकच दिवस उरला होता. पण मग तिची आई, इंदूबाई, घरी एकटी पडणार होती, म्हणून दोघी सरांना विचारायला शाळेत आल्या होत्या.

“मले काई झालं, तं पोरगी दिवस बुडायच्या आत घरी आली पायजे,” इंदूबाई म्हणाल्या. “अन् मोबाइलातलं नोको, सर. डोयानं दाखवा.”

सरांनी सवयीने दोरा नागपूरपासून लाल रस्त्यावर ठेवला. आदिलाबाद, हैदराबाद, अनंतपूर. सत्तावीस सेंटिमीटर भरले, म्हणजे एक हजार ऐंशी किलोमीटर.

इंदूबाई उठल्या. “नागपूरलेच आपल्याले पाच घंटे लागते. हे तं दोन दिवसाचं झालं. नाई पाठवत.”

रुपाली दोऱ्याकडे पाहत होती. “सर, मी नागपूरपर्यंत विमानानं येईन. विमान काय हैदराबादच्या स्टँडवर थांबते?”

सर ओशाळले. “बावीस वर्षं मी एसटीच मोजून राह्यलो, बाई.”

दोघांनी दोरा दोन टोकांना धरून ताणला. बावीस सेंटिमीटर. हवाई अंतर आठशे ऐंशी किलोमीटर. “विमानाला दोन तास,” रुपाली म्हणाली. तीन बोटं दोरा उरला. इंदूबाईंनी तो बोटाला गुंडाळला.

“म्हणजे इमानाले दोन घंटे, अन् नागपूरवरून घरी पाच?”

“हो, माय.”

“मंग दूर तं आपणच राह्यतो,” त्या म्हणाल्या. “सकाळी निंगाली, तं संध्याकाळी घरी. जाय मंग. पण फोन लावत जाय.”

रुपालीने तिथेच बाकावर बसून होकार लिहिला. मलाही हायसं वाटलं. प्रमाण माझं बरोबर होतं, दोरा तेवढा चुकत होता.

निघताना इंदूबाईंनी विचारलं, “याच्यात आपलं गाव कुठी हाय?”

सरांचं बोट थबकलं. यवतमाळ आणि त्याच्या खालचा भाग पांढरा पडला आहे. दरवर्षी प्रत्येक मुलाने “हे आपलं” म्हणत तिथेच बोट टेकवलं, आणि रंग निघून गेला.

मित्रांनो, मी पुन्हा भिंतीवर आलो आहे. या, हवं ते अंतर मोजा. फक्त गावं पट्टीने दाखवा. लांब गेलेल्या माणसापर्यंतचा दोरा ताणायचा, तर एक टोक घरावर ठेवावं लागतं. ती जागा तेवढी राहू द्या.