तेकालीत घालवलेला दिवस

"एवढ्यात झालासुद्धा?" ब्रिसाने विचारलं.

रुतिलिओकाकांनी क्रूस वर्तमानपत्रावर आडवा ठेवला. मधाच्या रंगाचा गुळगुळीत दगड, हातभर उंच, मधोमध आईचं नाव कोरलेलं: अंपारो. "सकाळी देतो म्हणालो होतो, सकाळी दिला. तेकालीतले पाथरवट रोज शब्द पाळत नाहीत, पोरी. नशीब समज."

तिने नावावरून बोट फिरवलं आणि शेवटचं अक्षर खरखरीत लागतंय म्हणाली. काकांना तसं काही लागलं नाही, पण नुकतीच आई गेलेल्या मुलीशी वाद कोण घालणार? दुपारी ये म्हणाले, तोवर गाव बघ.

ब्रिसाला तेच हवं होतं. आई जाऊन आज नववा दिवस. पुएब्ला शहरातल्या घरी, शवपेटी ठेवली होती त्या जागी, जमिनीवर चुन्याचा क्रूस काढलेला होता. आज संध्याकाळची प्रार्थना झाली की तो चुना एकेका बाजूने उचलून डब्यात भरायचा आणि उद्या दगडी क्रूसासोबत थडग्यात ठेवायचा. चुना जमिनीवर आहे तोवर गेलेलं माणूस घरात असतं. उचलला की निघून जातं. ब्रिसा वास्तुकला शिकत होती, तिसऱ्या वर्षाला होती. या गोष्टी मानतेस का असं कुणी विचारलं असतं तर ती हसली असती. पण नवा क्रूस घरी पोचल्याशिवाय जुना उचलणार कसे, हा विचार सकाळी बसमध्ये तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. आईला आणखी एक रात्र मिळाली असती. एकच.

ती गावात रमतगमत हिंडली. लिंबाचं सरबती आइस्क्रीम घेतलं, ते अर्धं हातातच वितळलं. जुन्या मठाच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जाऊन बसली. वर्गात या खांबांची चित्रं तिने कितीदा काढली होती; आज वही उघडावीशी वाटली नाही. एक कुत्रं खांबाच्या सावलीत झोपलं होतं. सावली सरकली की तेही उठून सरकत होतं. आईने उभं आयुष्य लाँड्रीत इस्त्री करण्यात घातलं. अशी नुसती बसलेली आई आठवायचा ब्रिसाने प्रयत्न केला. आठवली ती शेवटच्या महिन्यातली, पलंगावरची.

दुपारी तिने क्रूसाचे हात लहानमोठे आहेत असं खुसपट काढलं. काकांनी दोरी लावून दाखवली. "लग्नाच्या अंगठीतसुद्धा कुणी इतक्या खोड्या काढत नाही गं." मग दोरी गुंडाळत हळूच म्हणाले, "घरी वाट बघतायत ना?"

"हो."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओला कापडाचा बोळा घेतला आणि आधीच चकचकीत असलेला दगड सावकाश घासत बसले.

तोमासामावशीचे फोनवर फोन येत होते. मक्याचे तमाले उकडायला लावलेत, लांबून माणसं आलीत, प्रार्थना सांगणाऱ्या बाई येऊन बसल्यात, आणि बाईसाहेब कुठे उलथल्यात? क्रूस तयार नाही, असं ब्रिसा दर वेळी सांगत होती. एकदा बाबांनी फोन घेतला.

"झाला नाही अजून?"

"नाही, बाबा."

"बरं. घाई करू नकोस," म्हणाले.

डोळ्यांदेखत तिने दोन बस जाऊ दिल्या.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. दार उघडं होतं. मावशी मोरीत ताटं विसळत होती. खोलीतली जमीन ओली होती, नुकती पुसलेली.

"दोन फळकुटं बांधून क्रूस केला," मावशी म्हणाली. ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. "बाईंना आणखी एका घरी जायचं होतं, त्या थांबणार किती? पायाकडचा चुना मी उचलला, दोन्ही बाजूंचा शेजाऱ्यांनी. उशाकडचा तुझा होता. दारात उभं राहून तुला हाका मारल्या, मग तुझ्या बाबांनी उचलला."

ब्रिसाने क्रूस छातीशी धरला होता. "कधी झालं?"

मावशीने हातातलं ताट खाली ठेवलं. "आत्ताच गं. तू कोपऱ्यापर्यंत आली असशील तेव्हा."

बाबा पलीकडच्या भिंतीशी खुर्चीवर बसले होते. ओझं घ्यायला ते उठले. मधे जमीन मोकळी होती, चुन्याची रेघसुद्धा उरली नव्हती. तरी ते सरळ आले नाहीत. गेले आठ दिवस सगळे चालत होते तसे, अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेने, पाय जपून टाकत आले. क्रूस हातात घेतला.

"जड आहे," म्हणाले.

आणि त्याच लांबच्या वाटेने परत निघाले. ब्रिसा चपला काढून त्यांच्यामागून भिंतीला धरून चालू लागली.