सायरबाईंचं पारणं आणि गंधकाचं तेजाब

सृष्टीतील यच्चयावत सजीवांचा देह कर्ब या एकाच मूलद्रव्याच्या पायावर उभा आहे; वनस्पती, पशू आणि मनुष्य हे त्या महान तत्त्वाचे केवळ निरनिराळे आविष्कार होत. हे वाक्य फुलचंदनं पुण्याच्या कॉलेजात परीक्षेला दोनदा लिहिलं. एकदा नापास झाला तेव्हा आणि एकदा पास झाला तेव्हा. बी.एस्सी. होऊन १९२४ च्या पावसाळ्यात तो सारंगखेड्याला परतला, तेव्हा त्याच्याजवळ पदवी, भुशात बसवलेली गंधकाच्या तेजाबाची, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडची, बाटली आणि काठाशी काळी पडलेली सात भोकं असलेलं धोतर एवढा ऐवज होता. धोतराची फडकी केली. पदवीचं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही.

फुलचंदचे वडील झुंबरलालशेठ यांचं किराणा दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये एक दार. आई सायरबाईंनी त्या पर्युषणात अठाई केली होती; म्हणजे आठ दिवस उकळून गार केलेल्या पाण्यावर, तेही दिवस मावळेपर्यंतच. नवव्या दिवशी सकाळी पारण्याला शेजारच्या बायका जमल्या, आणि नेमका तेव्हाच समोरचा किराणावाला किशनलालशेठ एक छापील पत्रक घेऊन आला. परदेशी मोरस साखर पांढरी करण्यासाठी तिचा पाक जनावरांच्या हाडांच्या कोळशातून गाळतात, असं त्यात लिहिलं होतं. किशनलालशेठच्या दुकानात मोरस साखर नव्हती, त्यामुळे त्या बाबतीत त्याचा धर्म अगदी मोकळा होता. झुंबरलालशेठकडे तीन पोती होती.

सायरबाईंनी मुगाच्या पाण्याच्या वाटीकडे पुढे केलेला हात मागे घेतला. घरात हाड आहे की नाही ते आधी ठरवा, तोवर या घरातलं काही तोंडात घालणार नाही, असं सांगून त्यांनी त्या दिवसाच्या उपवासाचा नेम घेतला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

ठरवणार कोण? जैन मुनी महाराजसाहेब चातुर्मासाला नदीपलीकडे, तापी दुथडी, नाव बंद. गावच्या वैद्यानं नाडी पाहिली आणि आजचं भागेल, उद्याचं बघू, परवाचं मला विचारू नका, असं तिन्ही काळांत मत दिलं. संध्याकाळपर्यंत सायरबाईंना उठून बसवायला दोघी लागू लागल्या. तेव्हा कुठे झुंबरलालशेठना आठवलं की आपला मुलगा शिकलेला आहे.

फुलचंदची पंचाईत अशी की पत्रकातली गोष्ट खरी होती. त्यानं ती पुस्तकात वाचली होती. पण हाडाचा कोळसा साखरेचा मळ तेवढा धरतो आणि कारखान्यातच राहतो. पोत्यात येत नाही. हे आईला नुसतं सांगून भागलं असतं. पण त्यानं ते सिद्ध करायचं ठरवलं. साखरेच्या आत काय असतं ते एकदा सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं, की संशयच संपेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आईनं दहाव्या उपवासाचा नेम घ्यायच्या आत, ओट्यावर त्यानं काचेच्या पेल्यात मूठभर मोरस घेतली आणि वरून तेजाब ओतलं. सगळं गाव जमलं होतं. दारातून दिसावं म्हणून सायरबाईंची गादी उंबऱ्याशी आणली होती. साखर पिवळी झाली, मग तपकिरी, मग काळी. आणि मग पेल्यातून वाफाळत, फुगत, वीतभर उंचीचा काळा ठोकळा वर आला.

“हे काय निघालं?” किशनलालशेठनं विचारलं.

“कोळसा,” फुलचंद आनंदानं म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं.

किशनलालशेठनं पत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आता त्याची गरज नव्हती.

फुलचंद घाईघाईनं सांगू लागला की हा कोळसा तो नव्हे, हा साखरेचा स्वतःचा, गुळातही निघेल. मळ्यात गूळ करणारा चुडामण पुढेच उभा होता. त्याच्या ढेपेचा खडा पेल्यात टाकला. तोही काळा झाला.

“शेठ, मन्हा गूयमा हाड कथाईन उनं?” चुडामण म्हणाला. “मी सोता कढईपा उभा व्हतू.”

यानंतर परीक्षा फुलचंदच्या हातात राहिली नाही. ज्यानं त्यानं घरून काही ना काही आणलं. गव्हाचं पीठ काळं पडलं. तांदूळ काळे पडले. घरी कढवलेलं तूप काळं पडलं. ते कढवणारी गजराबाई रडू लागली आणि आपल्या म्हशीचा वंश सांगू लागली. चुडामणच्या आग्रहानं किशनलालशेठच्या दुकानातली शुद्ध स्वदेशी खांडसरी साखर आणली. ती तर मोरसपेक्षा लवकर काळी पडली. किशनलालशेठ म्हणाला की तेजाब परदेशी आहे.

शेवटी झुंबरलालशेठनी थकून विचारलं, काळं न पडणारं काही आहे का जगात? फुलचंदनं नदीची वाळू घेतली, तिला काही झालं नाही. मग मीठ घेतलं. मीठ शुभ्र राहिलं. फक्त त्यातून असा काही धूर सुटला की सगळं गाव खोकत, डोळे चोळत रस्त्यावर गेलं. एकूण त्या सकाळी सारंगखेड्यात खाण्यालायक शुद्ध पदार्थ एकच ठरला, आणि त्याच्याजवळ कुणाला उभं राहता येईना.

ओट्यावर फुलचंद एकटा उरला. बाटलीही संपली होती. घरात आईची गादी आत ओढून नेली होती. आता ती नेम घेणार, आणि आपण तिला गूळ, गहू, तूप सगळंच तोडलं, हे त्याला दिसत होतं. तो तिच्या पायाशी जाऊन बसला.

“फुला,” सायरबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “वाळू का नाही रे काळी पडली?”

“ती कधी जिवंत नव्हती, बाई. जे रुजतं, वाढतं, त्या सगळ्यात हा कोळसा असतो. त्यातूनच ते बनतं.”

“मीठ?”

“तेही जिवंत नव्हतं.”

“मिठात जीव असतो. तुझ्या बाटलीला दिसला नाही एवढंच.” त्या जरा थांबल्या. बोलायला दम लागत होता. “आणि माझ्यात?”

फुलचंदनं आपला अंगठा पुढे केला. त्यावर तेजाबाचा जुना डाग होता, मुगाएवढा काळा. सायरबाईंनी डोळे उघडून तो बराच वेळ न्याहाळला.

“म्हणजे गहू, गूळ, तू, मी, सगळी एकाच मातीची मडकी,” त्या म्हणाल्या. “मग कोळसा कुणात आहे हे कशाला शोधत बसलात? तो सगळ्यांत आहे. कुणाला मारून आणला तेवढं विचारायचं. हे तर मी रोज प्रतिक्रमणात जीवांची क्षमा मागताना म्हणते. याच्यासाठी तू पुण्याला गेला होतास?”

फुलचंदच्या कॉलेजात हा धडा तीस जणांना शिकवला होता, आणि परीक्षा झाल्यावरसुद्धा तो इतका नीट कुणाला समजलेला त्यानं पाहिला नव्हता. त्याला पदवी मिळाल्यावर झाला नव्हता इतका आनंद झाला.

“मग दहावा?” त्यानं भीत भीत विचारलं.

“दहावा कशाला? हाडाला शिवलेली साखर माझ्या चुलीकडे येऊ देऊ नका. गूळ येऊ दे. दुकानाचं काय ते तुझा बाप बघेल.”

दारामागे उभ्या असलेल्या बापानं सुटकेचा श्वास सोडला, तो आतपर्यंत ऐकू आला.

दिवस चांगला वर आल्यावर सायरबाईंना टेकून बसवलं आणि कोमट मुगाचं पाणी पाजलं. पहिला घोट उतरला, दुसरा उतरला. वैद्यानं नाडी धरून परवाचंही ठीक आहे म्हणून सांगितलं. रस्त्यावरून खोकत परतलेल्या बायकांनी गाणं सुरू केलं, आणि गजराबाई आपलं काळं न पडलेलं उरलेलं तूप घेऊन आली.

मुगाच्या पाण्यात साखर घालत नाहीत.