दीड इंच वाढीव

नंदाचं माप मी घेतलं त्या दिवशी खमरियात दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांसमोर खंदक खणणं चालू होतं. लढाई सुरू होऊन चार दिवस झाले होते. शेजारच्या पुष्पावहिनी घमेलं खाली ठेवून खिडकीतून म्हणाल्या, "अच्छा, टेप घेऊन बसलात? फ्रॉक शिवून राहिल्या का?"

"नाही हो. कॅलिपर."

नंदा सहा वर्षांची. तिसऱ्या वर्षी पोलिओचा ताप आला आणि डावा पाय लुळा झाला. लाकडी पाय, कॅलिपर करणाऱ्या भाऊराव मिस्त्रींनी तिला पहिला कॅलिपर केला होता. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीशी चामड्याचं कडं, गुडघ्याशी बिजागरी, खाली बूट. तो घालून भिंतीच्या आधारानं ती चालायची. मग ती वाढली, तो तेवढाच राहिला. आणि येत्या जुलैत तिला शाळेत घालायचं होतं. बड्या दीदींनी, म्हणजे शाळेच्या हेडबाईंनी, मला साफ सांगितलं होतं, "अपने पैरों से आए तो ले आइए. गोद में उठाने वाला यहाँ कोई नहीं है."

भाऊराव नेहमी स्वतः माप घ्यायचे. पण लढाईआधीच्या सरहद्दीवरच्या चकमकींत जखमी झालेल्या जवानांचे लाकडी पाय करायला त्यांना महिन्यापूर्वीच बाहेरगावी बोलावून नेलं होतं. तिथून त्यांचं कार्ड आलं : माप पाठवा, वेळ काढून करून देतो. मांडी ते गुडघा, गुडघा ते टाच, वेगवेगळं लिहा. नेमकं लिहा.

मी बी.ए. झालेली. मला नेमकं म्हणजे काय ते कळत होतं. पण लढाई किती चालेल कोणाला ठाऊक, पुढचा नंबर कधी लागेल तेही. पोरीचा प्रत्येक फ्रॉक मी वाढत्या अंगाचा शिवलाय, खाली चार बोटं दुमड ठेवून. गुडघ्याच्या वर एक इंच, खाली अर्धा इंच मी वाढवून लिहिलं. हे पलंगावर झोपले होते, बारा तासांची ड्यूटी करून आलेले. फॅक्टरीत ह्यांचं काम गेज लावून माल तपासायचं. केसभर फरक दिसला की ह्यांच्या हातून माल परत जातो. उठवून विचारावं असं मनात आलं. म्हटलं, झोपू द्या.

पार्सल मार्चमध्ये आलं. बिजागरी गुडघ्याच्या वर चढून बसली. मी बुटात कापसाची गादी घातली. बिजागरी गुडघ्याशी आली, पण मांडीचं कडं इंचभर वरच राहिलं आणि जांघेत रुतायला लागलं. नंदा दोन पावलं टाकायची आणि आडवी पडायची.

"आई, काढ."

"थोडं चाल, सवय होईल."

"काढ ना आई, काढ!"

जांघेत जखम झाली. भरली की मी पुन्हा चढवायची, पुन्हा जखम. मधले आठ-आठ दिवस कॅलिपर खुंटीला असायचा आणि ती पाय मुडपून भिंतीशी बसलेली असायची. मी तिच्याकडे सारखी बघायची. इतकं बघूनही गुडघा आखडतोय हे मला दिसलं नाही.

जूनमध्ये भाऊराव परतले. नंदाचा पाय त्यांनी हलकेच सरळ करून पाहिला. तो अर्ध्यातच अडला.

"बाई, माप कोणी घेतलं?"

"मी."

"वाढीव काहून दिलं?"

वाढत्या अंगाचं म्हणून, मी सांगितलं. ते म्हणाले, "कपड्याचं चालते तसं. सांध्याचं नाही चालत." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आता या गुडघ्यावर कॅलिपर नाही बसणार. डॉक्टरला दाखवा."

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेही आणखी चार-पाच वर्षांनी. होईल की नाही, तेही नक्की नाही. घरी आल्यावर ह्यांनी कॅलिपर उचलला, बिजागरीवर अंगठा ठेवला. "मला उठवायचं होतंस," एवढंच म्हणाले. त्यानंतर तो विषय ह्यांनी काढला नाही.

जुलै आला. समोरच्या खंदकांत पाणी साचलं. पोरं दप्तरं घेऊन त्यांच्या कडेनं शाळेत जायची आणि नंदा खिडकीतून त्यांची नावं घ्यायची.

शेवटी भाऊरावच म्हणाले, "चाकाची फळी करून देतो. घरात तरी फिरेल पोरगी." नदीवरच्या ग्वारीघाटाच्या पायऱ्यांशी अशा फळ्यांवर भिकारी बसतात. तिथून जाताना मी नंदाचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवत असे. मी हो म्हणाले.

फळीला सांधा नाही, तुम्हीच घ्या, म्हणाले; माप पुन्हा माझ्याकडेच आलं. नंदाला फरशीवर बसवून मी तिच्याभोवती खडूनं रेघ ओढली, अगदी अंगाला लागून. टेप दोनदा लावला. आकडा लिहिणार, तर ती वाकून रेघेकडे बघत म्हणाली, "आई, थोडी मोठी घे ना. मी वाढून राहिली ना."

मी पदरानं रेघ पुसली आणि दीड इंच बाहेरून ओढली.