पोटाची शिवण

मोठे डॉक्टर हात चालवायचे आणि सिस्टर तोंड, अशी त्या दवाखान्यात कामाची वाटणी होती. कुणी लिहून दिली नव्हती, पण बावीस वर्षांत पक्की झाली होती. डॉक्टरांचा हात सोन्याचा, जीभ मात्र पुस्तकी. त्यांनी नुसतं ‘ब्लेफरोप्लास्टी’ म्हटलं की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग सिस्टर त्याला शेजारच्या खोलीत नेऊन बसवायची आणि सांगायची, अहो, पापणीवरची लोंबणारी कातडी थोडी काढायची आहे, बाकी काही नाही. ऱ्हायनोप्लास्टी म्हणजे नाकाचा आकार बदलणं. बोटॉक्सनं स्नायू सैल पडतो म्हणून सुरकुती मावळते, फिलरनं खड्डा भरतो, आणि दोन्हींचा असर काही महिन्यांनी ओसरतो. लायपोसक्शननं चरबी नळीतून ओढून काढतात, पण त्यानं वजन उतरत नाही, फक्त आकार बदलतो. हे शेवटचं ती प्रत्येकाला तीनदा सांगायची. चौथ्यांदा ते विचारायचेच, किती किलो कमी होईल म्हणून.

सिस्टरची खरी खुबी वेगळीच होती. ज्याचा जो धंदा, त्या धंद्याच्या भाषेत ती ऑपरेशन समजावायची. बागेत काम करणाऱ्या टकल्या गृहस्थाला तिनं केसांचं रोपण सांगितलं ते रोपं एका वाफ्यातून उपटून दुसऱ्यात लावल्यासारखं. गवंड्याच्या बायकोच्या गालाचा खड्डा तिनं बोलता बोलता लिंपून दिला. माणूस हसत बाहेर पडायचा आणि डॉक्टर काचेतून बघत मान हलवायचे. सिस्टरला याचा अभिमान होता. चार लोकांत ती तो मिरवायचीही, आणि का मिरवू नये?

तिचा एक नियम मात्र कडक होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पेशंटनं आपल्यावर काय होणार आहे ते आपल्या शब्दांत तिला सांगायचं. नीट सांगता आलं नाही तर ती त्याला आत सोडत नसे. डॉक्टर याला तोंडी परीक्षा म्हणून चिडवायचे, पण सिस्टरच्या होकाराशिवाय तेही सुरीला हात लावत नसत.

टेलरबाई आल्या त्या टमी टकसाठी, म्हणजे सुटलेलं पोट आवळून घेण्याच्या ऑपरेशनसाठी. वय अडतीस, घरात आठ वर्षांची जुळी पोरं. जुळ्यांनी पोटाचे मधले स्नायू असे फाकवले होते की बाई बारीक चणीच्या असूनही पोट पुढं यायचं, आणि त्याखाली कातडीची घडी लोंबायची. दुकानात मापं द्यायला येणाऱ्या बायका मोठ्या मायेनं विचारायच्या, कितवा महिना? टेलरबाई गळ्यात टेप अडकवून हसायच्या आणि नाही म्हणायच्या. सात वर्षं त्यांनी हे हसून सोडलं. मागच्या वर्षी मात्र त्यांना खरोखरच चौथा महिना होता, आणि ते मूल चौथ्यातच गेलं. त्यानंतरही बायका विचारतच राहिल्या, आणि पोट तेवढंच दिसत राहिलं. एकदा असं विचारल्यावर त्या मागच्या खोलीत गेल्या आणि कपड्यांच्या ढिगाऱ्यावर बसून रडल्या. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत राहिलं. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सिस्टरला सांगितलं, आणि सिस्टरला त्या बाईबद्दल आतून कळवळा आला.

म्हणून सिस्टरनं यावेळी जीव ओतून समजावलं. कागदावर पोट काढलं आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या. सैल झालेला अंगरखा आत घ्यायचा, असं ती म्हणाली. फाकलेले पदर जवळ आणून टीप मारायची, उरलेलं कापड कापायचं, बेंबीसाठी नवं काज करायचं. टेलरबाईंचा चेहरा उजळत गेला. इतक्या वर्षांत असं झटपट समजणारं माणूस बघितलं नाही, असं सिस्टरनं त्या संध्याकाळी डॉक्टरांनाही ऐकवलं.

ऑपरेशनच्या सकाळी टेलरबाई हिरवा गाऊन घालून खाटेवर बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर, मालाची गाडी चालवणारा अबोल माणूस, बाहेरच्या बाकावर होते. सिस्टरनं दार लावलं आणि परीक्षा घेतली.

टेलरबाईंनी घडाघडा सांगितलं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत खाली काप, व्रण कायमचा राहणार पण कपड्याच्या आत झाकला जाणार. दोन-तीन दिवस नळ्या, दीड महिना पट्टा, जड उचलायचं नाही, सुरुवातीचे काही आठवडे शिलाई मशीनही बंद. सिस्टर खुशीत मान डोलावत होती.

“आणि आत थोडी माया ठेवायची,” टेलरबाई म्हणाल्या. शिवणीच्या आत दुमडून ठेवतात त्या जादा कापडाला त्या माया म्हणत, सगळेच शिंपी म्हणतात. “म्हणजे पुढं लागलं तर उसवून मोकळं करता येईल.”

सिस्टरची मान डोलायची थांबली.

“मोकळं कशाला करायचं?”

टेलरबाईंनी गाऊनची कड बोटांत धरली. “मूल राहिलं तर,” त्या म्हणाल्या.

पुढं मूल हवं आहे का, हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतः विचारला होता, मिस्टर शेजारी बसलेले असताना, आणि बाईंनी पटकन नाही सांगितलं होतं. ते फॉर्मवर उतरलं होतं, खाली सह्या झाल्या होत्या. आता कळलं की बाईंना त्या प्रश्नात एवढं काही वाटलंच नव्हतं. आज घट्ट केलं ते उद्या सैल करता येतं, हे त्यांच्या हातांना वीस वर्षं माहीत होतं. मग नवऱ्यासमोर जुनं दुखणं कशाला उकरायचं?

सिस्टर स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. या वेळी तिनं शिवणकामातला एकही शब्द वापरला नाही. कापलेली कातडी परत मिळत नाही, ती फेकून देतात, असं तिनं सांगितलं. ऑपरेशननंतर मूल राहू शकतं आणि बहुतेक वेळा नीट वाढतंही, पण जवळ आणलेले स्नायू पुन्हा फाकतात, कातडी पुन्हा ताणते आणि केलेलं बरंचसं पाण्यात जातं. शिवाय ऑपरेशननंतर मूल राहू देण्याआधी निदान वर्षभर थांबायला सांगतात. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर हे ऑपरेशन पुढं ढकलतात.

“वर्षभर,” टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी मनात वय मोजलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम ओढला गेला. “मग तुम्ही शिवण का म्हणालात?”

सिस्टरचा बावीस वर्षांचा अभिमान त्या एका प्रश्नानं उतरला. “चुकले मी,” ती म्हणाली. “समजावताना वाहवत गेले.”

तेवढ्यात मोठे डॉक्टर डोक्याला टोपी बांधून दारात आले. झालं का, असं त्यांनी घड्याळाकडे बघत विचारलं. सिस्टरनं झालेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. डॉक्टरांचा चेहरा आधी त्रासिक झाला, मग त्यांनी टोपी काढली. माणूस पुस्तकी असला तरी वाईट नव्हता. ते म्हणाले की आधी मूल की आधी ऑपरेशन, दोन्हींतलं काहीही निवडलं तरी ते बरोबरच असेल. स्नायूंसाठी व्यायाम आहेत, आधाराचा पट्टा आहे. त्यानं कातडी जाणार नाही, पण थोडा फरक पडेल. ऑपरेशन दोन वर्षांनीही करता येईल. आज मात्र ते सुरी धरणार नाहीत, आधी मिस्टरांशी बोला.

मिस्टरांना आत बोलावलं. ते दारापाशीच उभे राहिले. टेलरबाईंनी त्यांच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं, एका दमात, की मला अजून एक मूल हवंय, मागच्या वर्षीपासून रोज हवंय, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही.

मग त्या अबोल माणसाचा आवाज फुटला.

“त्या दिवशी इथं तू नाही म्हणालीस. मला वाटलं, तुला आता त्याचं नावही नकोय. मी गाडीत बसून रडलो आणि आत येऊन सही केली.”

टेलरबाईंनी मान वर केली. वर्षभर एका घरात, एका खाटेवर दोघं एकच दुःख घेऊन झोपत होती आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून तोंड मिटून होती. सिस्टरला भडभडून आलं. तिनं ते लपवलं नाही, दोघांसमोर डोळे पुसले.

बाईंच्या हाताला टोचलेली सलाईनची सुई तेवढी काढायची राहिली होती. सिस्टरनं ती काढली, कापसाचा बोळा ठेवला आणि मिस्टरांना सांगितलं, इथं दोन मिनिटं दाबून धरा. ते खाली बसले, बायकोचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं बोळा दाबून धरला. दोन मिनिटं होऊन गेली, रक्त केव्हाच थांबलं. सिस्टरनं दार हळूच ओढून घेतलं तेव्हाही त्यांनी अंगठा उचलला नव्हता, आणि बाईंनीही हात काढून घेतला नव्हता.